ते तेरा पेग माझे नव्हते

"तेरा! पप्पा, तेरा! अहो, काही लाज?"

सोमवारची सकाळ, साडेदहाचा सुमार. माझ्या दोन्ही हातांत तांब्याची तार, म्हणून फोन स्पीकरवर. समोर बाकड्यावर जळालेली मोटार घेऊन आलेले दोन शेतकरी. त्यातल्या थोरल्यानं हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि पडेल आवाजात विचारलं, "कुणाचं तेरावं हाय, मिस्त्री?"

"तेरा पेग! एका आठवड्यात!" फोन गरजला.

थोरल्यानं टोपी परत घातली. "हां," तो धाकट्याला म्हणाला, "म्हनूनच आपली मोटार दोनदा जळली बघ."

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. त्या तेरा पेगांपैकी एक थेंबही माझ्या नरड्याखाली उतरला नव्हता. (त्या आठवड्यात माझ्या नरड्याखाली जे उतरलं, ते निराळं. त्याकडं येतोच आहे. घाई करू नका. पिताना मीही कधी केली नाही.)

देगलुरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची. पंचवीस वर्षं हेच. सहाला शटर पडतं आणि सव्वासहाला ग्लास भरतो. ही मी माझी सवय सांगत नाही, गावची वेळ सांगतोय. समोरच्या पानवाल्यानं माझ्याकडं बघून भिंतीवरचं घड्याळ लावलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय!

फोनवर गरजत होती ती अश्विनी, माझी एकुलती एक लेक. लातूरला एका लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर परक्यांचं रक्त तपासते आणि सुट्टीच्या दिवशी फोनवरून माझं आटवते. तिचा राग समजण्यासाठी तिच्या हळदीचा दिवस माहीत पाहिजे. त्या दिवशी मी मंडपाच्या खांबाला व्याही समजून मिठी मारली. एवढंच केलं असतं तर चाललं असतं. पण व्याही काही केल्या बोलेनात, म्हणून मी त्यांना गदागदा हलवलं. मंडप खाली! जावयाच्या आजोबांचं डोकं कापडातून वर आलं ते नुसतं "राम राम" म्हणत होतं. आणि मग अश्विनी पाटावरून उठली. हळदीनं भरलेल्या हातांनी तिनं मला काखेत धरून उभं केलं, घरात नेलं, निजवलं. माझ्या पांढऱ्या शर्टावर तिचे दोन पिवळे पंजे उमटले. सुनंदानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, तो शर्ट धुतलाही नाही आणि टाकलाही नाही. विचारलं तर म्हणते, "राहू द्या की. तुमाला कुठं घालायचाय?"

तर अशी ही अश्विनी दसऱ्याला आली ती पाचव्या महिन्यात. आता पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. ती मोडली की गल्ली विचारते, आणि गल्लीला उत्तर दिलं की स्टँड विचारतं. सुनंदानं तर खोली रिकामी करायला घेतली होती. अश्विनीनं आईला खाली बसवलं आणि माझ्याकडं बघून सांगितलं,

"मी येणार नाही."

"का गं?"

"पप्पा, पाळणा लागेल या खोलीत. तुम्ही रोज संध्याकाळी याच दारातनं आत येता. कधी भिंतीला धरून, कधी भिंत सोडून. मी माझं लेकरू त्या वाटेत ठेवणार नाही."

सुनंदा पदर तोंडाला लावून बसली. मी नेहमीप्रमाणं आईची शपथ घ्यायला तोंड उघडलं, पण अश्विनीनं हात पुढं केला. "शपथ नको. फोन द्या."

आणि तिनं त्यात दारूचा हिशेब ठेवणारं एक ॲप टाकलं.

"एकदम सोडा म्हणत नाही," ती म्हणाली. "इतक्या वर्षांची आहे, एकदम सोडली तर फिट येईल. डॉक्टरांकडं जायचं आणि कमी करत आणायची. आठवड्याला चार, त्याच्यावर नाही. रोज सातला हे विचारेल, खरं लिहायचं. दर सोमवारी मला कळेल. साठ दिवस निभावलं तर सातव्यात येते. नाहीतर मी लातुरातच बरी."

(डॉक्टरांकडं मी गेलो नाही. डॉक्टर ओळखीचे आहेत. सव्वासहाला तेही तिथंच असतात.)

ॲप मोठं आदबशीर होतं. सातला पिपाणी वाजवायचं आणि विचारायचं: "आपणांस या क्षणी मद्यसेवनाची इच्छा होत आहे काय? तीव्रता एक ते दहा यांमध्ये नोंदवावी." अरे, होत नव्हती की बाबा! तूच आठवण काढलीस! मग पडद्यावर ठिपके यायचे. ते बोटानं पटापट टिपायचे, म्हणजे हात किती थरथरतो ते त्याला समजे. कमी घेतली त्या दिवशी एका झाडाला हिरवं पान फुटायचं, जास्त घेतली की गळायचं.

हे सगळं सोसलं असतं, पण त्यात आणखी एक बेजार करणारी गोष्ट होती: धोक्याची ठिकाणं. तुम्ही दारूच्या अड्ड्याजवळ गेलात की फोन थरथरणार आणि "कृपया मार्ग बदला" म्हणणार. ठिकाणं अश्विनीनंच नकाशावर खुणावून दिली. दोन बार, देशीचं दुकान, स्टँडमागची खोली, जिनिंगच्या भिंतीआडचं पत्र्याचं शेड. एकही चुकली नाही. चुकणार कशी? लहान होती तेव्हा जेवायची वेळ झाली की सुनंदा मला बोलवायला तिलाच पाठवायची. पोरीला पाढे पाठ व्हायच्या आधी हे पत्ते पाठ होते.

दुसऱ्या दिवशी दुकानातून घरी निघालो. खिशात जिता बेडूक ठेवल्यासारखा फोन उड्या मारायला लागला. डावीकडं वळलो, थरथर. उजवीकडं वळलो, थरथर. स्टँडपाशी तर एवढा हादरलो की एका म्हातारीला वाटलं मला हिवताप भरलाय. तिनं तिची शाल माझ्या अंगावर टाकली! अख्ख्या देगलुरात हा फोन गप्प बसेल अशी एकच जागा सापडली. माझ्या दुकानाला लागून असलेली पिठाची गिरणी.

गिरणी व्यंकट महाराजांची. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, भजनात पखवाज. बाकी सगळा माणूस पिठानं इतका पांढरा की दुधात बुडवून काढलाय असं वाटावं. चहासुद्धा अर्धाच घेतात. मला तिथल्या तिथं अक्कल सुचली.

"महाराज, हा फोन संध्याकाळी तुमच्यापाशी ठेवत जातो. सातला हे काहीबाही विचारतंय. तेवढं उत्तर देत जा."

"काय इचारतंय?"

"आज दारू घेतली का, किती घेतली."

महाराजांनी माळेला हात लावला. "मिस्त्री, मी माळकरी मानूस. तुमच्यापायी खोटं बोलनार न्हाई."

"खोटं कोण बोलायला सांगतंय? माझं सांगूच नका. तुमचं सांगा. त्यानं विचारलं की तुमचं जे असंल ते खरं-खरं सांगायचं."

"आगदी खरं?"

"शंभर टक्के."

महाराजांनी घटकाभर गिरणीच्या दगडावर दाण्यांची धार पडताना पाहिली. "मंग हरकत न्हाई," म्हणाले.

बघा! यात खोटं बोललं कोण? महाराज खरं सांगणार, ॲप खरं लिहून घेणार, पोरगी खरं वाचणार. तीन खऱ्यांमधून एक खोटं वळायला पंचवीस वर्षांचा हात लागतो. रिवायंडिंगच आहे ते!

पुढचे काही आठवडे म्हणजे माझ्या आयुष्यातला सुवर्णकाळ. सातला महाराज ठिपके टिपायचे. छिन्नीनं गिरणीच्या दगडाला टाकी लावणारा हात तो, एक ठिपका सुटेल तर शपथ. "आपले हात स्थिर आहेत. अभिनंदन!" असं ॲप म्हणायचं, आणि त्याच वेळी मी शंभर पावलांवर खिशात माझाच हात शोधत असायचो. झाडाला इतकी पानं आली की पडदा पुरेना. अश्विनीचा फोन आला. म्हणाली, "पप्पा, मला खरंच वाटलं नव्हतं हो. येते मी. आईजवळच येते." आणि रडली. मीही रडलो. (माझ्या रडण्यात पाणी किती आणि दुसरं काय किती, हे त्या ॲपलाही सांगता आलं नसतं.)

सुनंदानं खोलीला चुना दिला. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, पाळण्याला हिरवा रंग लावला, आणि गल्लीतल्या एकूण एक बाईला, विचारो न विचारो, सांगून आली: "आमची अश्विनी येनार हाय बाळंतपनाला." तिनं मला काही विचारलं नाही. मी रोज भिंत धरूनच घरी येत होतो, ते ती बघत होती. पण ॲपवर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. "शिकलेल्या लोकांनी काढलंय ते," म्हणायची, "आतून कमी होत असंल. वर दिसायला वेळ लागत असंल." त्या भोळेपणाचं मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मला दोन जास्त घ्याव्या लागल्या.

मग थंडी पडली. तेलंगणाच्या हद्दीवर शिंदीच्या झाडांना मडकी लागली. तिकडं तिला कल्लू म्हणतात, आपण शिंदी म्हणतो. पहाटे गोड, दुपारी आंबट, संध्याकाळी गाणी म्हणते. महाराजांची बहीण त्याच हद्दीवरच्या गावात दिलेली, हे मला माहीत होतं. महाराज हिवाळ्यात एकाएकी बहिणीवर इतकी माया का करतात, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

आता परत त्या सोमवारी या. अश्विनीचं गरजणं संपत नव्हतं. मी "रेंज जातेय, रेंज जातेय" म्हणत फोन कापला, तार टाकली आणि गिरणीत घुसलो. गिरणी चालू. पट्टा फटफटतोय, पीठ उडतंय, आठ-दहा बायका डबे घेऊन रांगेत. शेजारच्याच्या कानात बोलायचं तरी गळा काढावा लागत होता.

"महाराज! तेरा पेग कुणाचे?"

"आँ?"

"ॲपात! तेरा! तुम्ही काय लिहिलंत?"

"जे खरं ते!"

"अहो पण तुम्ही पिता काय?"

"मोठ्यानं बोला, ऐकू येत न्हाई!"

"तुम्ही! काय! पिता!"

"शिंदी पितो मी!" महाराज बेंबीच्या देठापासून ओरडले.

आणि नेमकी लाईट गेली.

पट्टा थांबला. चाक थांबलं. महाराजांचं वाक्य तेवढं छपराखाली घुमत राहिलं. एका बाईच्या हातातला डबा खाली पडला आणि त्याचं झाकण बराच वेळ गरागरा फिरलं. पिठानं पांढरे असलेले महाराज त्याच्यापेक्षा पांढरे कसे होतील असं मला वाटलं होतं. झाले.

"शिंदी म्हंजे काय दारू हाय का?" ते रांगेकडं बघून म्हणाले. "झाडाचं पानी."

"मग ॲपात कशाला लिहिलंत झाडाचं पाणी?" मी कपाळावर हात मारला.

"त्यानं इचारलं ना! 'आज आपण काही घेतलंत का?' म्हनालं. आधी मी न्हाई म्हनायचो, कारन न्हवती घेतली. मंग घेतली, तर हाव म्हनलो. किती, तर दोन तांबे. त्यानं त्याचं त्यानं मोजलं." महाराज गोणीवर बसले. आवाज एकदम खाली आला. "खरं सांगू का, मिस्त्री? तीस वर्सं पितो दर थंडीत. बायकूला म्हाईत न्हाई, भजनात कुनाला म्हाईत न्हाई. आजपोतर कुनी इचारलंच न्हवतं. इतक्या आदबीनं तर कुनीच न्हाई. खोटं बोलवलं न्हाई बघा."

एवढ्यात रांगेतून ओळखीचा आवाज आला. "कशाचे तेरा?"

सुनंदा! बाळंतिणीच्या लाडवांचे गहू दळायला आलेली. काखेत डबा, कपाळावर आठी. मी काही बोलायच्या आत माझ्या हातातला फोन पुन्हा वाजला, आणि तिनं तो माझ्या हातातून ओढून कानाला लावला.

"हां अश्विनी... हाव, मीच... काय? तेरा पेग? यांचे? आठवड्यात?"

मी डोळे मिटले.

"तेराच?" सुनंदाचा चेहरा उजळला. लग्न झाल्यापासून इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. "अगं पोरी, मंग रडतीस कशाला येडे? तेरा म्हंजे लई कमी झाली की गं! देव पावला! म्हनलं नव्हतं मी, आतून कमी होत असंल?"

रांगेतल्या दोघीतिघींनी खुशीनं माना डोलावल्या. महाराजांनीसुद्धा डोलावली. फोनमधून अश्विनीचा आवाज आला. लाईट नव्हती, त्यामुळं तो सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

"आई. कमी झाली म्हणजे? रोज शून्य लिहीत होते की ते. आधी किती होती?"

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मग महाराजांकडं. मग त्यांच्या शेजारी भिंतीला लटकलेल्या माझ्या फोनच्या चार्जरकडं. ती चार बुकं शिकली नाही, पण चार्जर कुणाच्या भिंतीला का लटकतोय, एवढं वाचायला तिला बुकं लागत नाहीत.

"रेंज न्हाई गं," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. गव्हाचा डबा उचलला. दळायचा नंबर तिचाच होता, आणि लाईटही तेवढ्यात आली. पण ती न दळताच घरी गेली.

महाराजांचं पुढं काय झालं ते सांगून मोकळा होतो. घरी बायकोनं त्यांना चार दिवस गिरणीतच जेवायला लावलं. भजनी मंडळानं पखवाज काढून घ्यायची बैठक बोलावली. पण आलेल्या सातांपैकी तिघांच्या बहिणी हद्दीवरच दिलेल्या निघाल्या, तेव्हा बैठक चहावर आटोपली. मग महाराज माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मिस्त्री, ते झाड माझ्या मोबाइलात टाकून द्या की. पानं गळायला लागली तवा जिवाला लई लागलं." टाकून दिलं. डॉक्टरकडंही गेले. संक्रांतीपर्यंत त्यांची शिंदी दोन तांब्यांवरून एकावर आली, पुढं तीही राहिली. बहिणीकडं अजून जातात. आता दुपारी जातात आणि ताक पिऊन येतात. तेव्हा ॲपला कुणी नावं ठेवू नका. ॲप उत्तम आहे. माणूस सुधारला की नाही? सुधारला. फक्त माणूस चुकला.

राहिला तो मी. त्याच सोमवारी, दुपारी, शटर अर्धं खाली ओढून मी अश्विनीला फोन लावला. सकाळपासून काही घेतलेलं नव्हतं. हात असे थरथरत होते की तिचं नाव दाबताना मी आधी गॅसवाल्याला, मग तिच्या सासऱ्यांना फोन लावला. (सासऱ्यांनी खुशाली विचारली. मी "उत्तम" म्हटलं. सवय!)

"बोला," अश्विनी म्हणाली.

"पोरी, ठेवू नको. आज खरं सांगतो. ते तेरा माझे नव्हते. व्यंकट महाराजांचे होते. फोन रोज त्यांच्याकडंच असायचा."

"पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या."

"म्हणजे ती पानंही त्यांचीच."

"हाव."

मागं कुणीतरी तिला नमुना घ्यायला हाक मारत होतं. तिनं फोन ठेवला नाही. "आणि तुमचे?"

"माझे कुठं लिहिलेलेच नाहीत."

"किती?"

"सव्वीस," मी म्हणालो. मग वाटलं, एवढं खरं बोलतोच आहोत तर पूर्ण बोलावं. "तीस धर."

मी घाम पुसला. अंगातून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. साधू-संतांना असंच वाटत असावं! मी जरा छाती काढून म्हणालो, "बघ पोरी, चुकलो ते चुकलो. पण तुझ्या जन्मापासून आज पहिल्यांदा तुझ्याशी खरं बोललो. हेही काही थोडं नाही. तुझी आई लाडू वळायचं थांबलीय. आता तूच सांग, तुला आणायला गाडी कधी पाठवू?"

"गाडी नको," अश्विनी म्हणाली. "आईला पाठवा. एकटीला."